पाच तारीख

४ सप्टेंबर, गुरुवार
काल रात्री उशिरा जीएसटी परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी: आतापर्यंत २८ टक्के आणि वर १ टक्का सेस, आता सरळ १८ टक्के. लागू २२ सप्टेंबरपासून.
आमच्या गाडीच्या आरसीवरची मुदत ऑक्टोबर २०२५.

५ सप्टेंबर
जुनी गाडी २०१० च्या दसऱ्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा ती दारातच उभी होती. डॅशबोर्डपर्यंत पाणी. विम्यातून दुरुस्त झाली, पण वायरिंग तेव्हापासून मनासारखे वागत नाही. २०२१ च्या पुराला आम्ही शहाणे झालो होतो. दोन दिवस आधीच ती मिरजेला बहिणीच्या दारात नेऊन लावली.
गेल्या महिन्यात मिरजेहून येताना रात्री नऊला बंद पडली. मागे सासूबाई. डायलिसिस झाल्यावर माणूस किती गळून गेलेला असतो, ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. चाळीस मिनिटे रस्त्याच्या कडेला होतो. त्या एकदाही ‘कधी निघायचं’ म्हणाल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी मी ही वही काढली.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
नव्या छोट्या गाडीची नोंदणी फी ६०० रुपये. पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या नूतनीकरणाची ५,०००. शिवाय पर्यावरण कर, आरटीओची तपासणी, आणि तपासणीत पास होण्याइतकी दुरुस्ती. मिळतात पाच वर्षे.
गॅरेजवाल्या दादांना विचारले, वायरिंग सगळे बदलले तर? ते म्हणाले, ‘वहिनी, मी पैसे घेईन. पण रात्री मिरजेला जाताना माझा भरवसा धरू नका.’
ओळखीच्या माणसाने असे स्पष्ट सांगणे फार मोलाचे आहे.

८ सप्टेंबर
आजपासून पितृपक्ष. शोरूममध्ये आम्ही दोघेच. सेल्समन मुलगा म्हणाला, या पंधरवड्यात कोणी येत नाही, त्यात सगळे बावीस तारखेसाठी थांबलेत. बावीसला घटस्थापना.
त्याचा पहिला प्रश्न: ‘मॅडम, महिन्याला हप्ता किती झेपेल?’ गाडी किती चालणार, कोण बसणार, हे नंतर विचारले.

९ सप्टेंबर, मंगळवार
कोण बसणार ते महत्त्वाचे आहे. सासूबाईंच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. त्या हातावर भार द्यायचा नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, त्यावर झोपायचे नाही. डाव्या दाराने उतरताना मात्र आधाराला डावाच हात पुढे जातो. सीट खाली असेल तर उठताना जोर लागतो. सीट उंच हवी. दार जवळजवळ काटकोनात उघडायला हवे. छताजवळ धरायला मूठ हवी.
सर्वांत स्वस्त मॉडेलला मागे मूठ नाही. मधल्याला आहे. वरच्यालाही आहे, पण वरच्याचे पैसे पडद्याचे आणि चाकांचे.

११ सप्टेंबर
हिशोब. आज ७,००,००० ची (शोरूम किंमत) गाडी बावीस तारखेनंतर साधारण ६,४०,३०० ला, कंपनीने सगळा फायदा पुढे दिला तर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, तो या किमतीवर. म्हणजे तिथेही साडेसहा हजार कमी.
दोन आठवडे थांबायचे सहासष्ट हजार. आमच्या घरात कोणी दोन आठवड्यांत इतके मिळवत नाही.
मधे चार डायलिसिस. रिक्षाने जायचे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
रिक्षा: जाऊन-येऊन मिळून ५०० रुपये. महिन्याला नऊ खेपा. साडेचार हजार.
हा आकडा मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. गाडीचा कोणताही हप्ता याच्या पावणेदोनपट तरी आहे, वर पेट्रोल आणि विमा. नुसत्या पैशांच्या हिशोबात रिक्षा जिंकते. स्वतःशी हे लपवून गाडी घेतली तर पुढे दर महिन्याला ते आठवेल.
सासूबाईंची पाळी तिसरी, सुटतात रात्री साडेआठला. आज परतीची रिक्षा मिळायला पावणेदहा झाले. रक्तदाब ९० च्या खाली होता. बाकावर माझ्या मांडीवर डोके ठेवून त्या पडून होत्या.

१३ सप्टेंबर
पाच लाखांचे कर्ज, ९ टक्के, घटत्या शिलकीवर:
३ वर्षे: हप्ता १५,९००. एकूण व्याज सुमारे ७२,४००.
५ वर्षे: हप्ता १०,३७९. व्याज सुमारे १,२२,७००.
७ वर्षे: हप्ता ८,०४५. व्याज सुमारे १,७५,७००.
सेल्समनने शेवटची ओळ आधी वाचून दाखवली होती.

तीच रात्र
विम्यात गाडीची किंमत कशी उतरते त्याचा ठरलेला तक्ता असतो. सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, दोन वर्षांत २०, तीनला ३०, चारला ४०, पाचला ५०.
सात वर्षांच्या कर्जात पाचव्या वर्षी गाडी अर्ध्यावर आलेली आणि चोवीस हप्ते अजून बाकी. त्यात पूर आला, चोरी झाली, तर विम्याचा चेक आधी बँकेकडे जाणार. सांगलीत राहणाऱ्याने हा तक्ता पुराच्या तक्त्याशेजारी लावून ठेवावा.

१४ सप्टेंबर, रविवार
ओळखीतून एक फायनान्सवाले घरी आले. ‘आमचाही नऊच टक्के, कागद कमी.’ हप्ता विचारला. पाच लाख, पाच वर्षे, १२,०८३.
बँकेचा १०,३७९. दोन्हीकडे नऊच?
त्यांचा नऊ ‘फ्लॅट’. फेडत गेले तरी व्याज पाच वर्षे पुऱ्या पाच लाखांवरच. ५ लाखांचे ९ टक्के ४५,०००, गुणिले पाच, २,२५,०००. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर पावणेसोळाच्या आसपास पडतो.
माणूस वाईट नव्हता. त्याने खोटे काही सांगितले नाही. पण आमच्या ग्रंथालयातला शिपाई, शेजारचा दूधवाला, माझी धाकटी जाऊ, यांना ‘नऊ’ आणि ‘नऊ’ मधला फरक कोण सांगणार? १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराला महत्त्वाच्या माहितीचा एक कागद द्यायचा असतो. त्यात सगळे धरून वर्षाचा खरा दर किती ते लिहिलेले असते. मी तो मागितला. ते म्हणाले, मंजुरीनंतर देऊ.
मंजुरीच्या आधी हवा. सही करायच्या आधी वाचता यावा, म्हणूनच तो कागद आहे.

१५ सप्टेंबर
पैसा कुठे कुठे आहे त्याची यादी.
बचत खाते. ठेव चार लाख, मार्च २०२७ ला संपते. ह्यांचे पीपीएफ. माझी भिशी. नोकरदारांच्या पतसंस्थेतले शेअर्स.
प्रत्येकावर कोणाचे तरी नाव आहे. ठेवीवर पेनने लिहिले नाही, पण ती मुलीच्या पुढच्या शिक्षणाची. आणि मुलीच्याही आधी दवाखान्याची.

१६ सप्टेंबर, मंगळवार
ठेव मोडण्याबद्दल बँकेत विचारले. जितका काळ ठेवली तितक्या काळाचा दर लागू होईल, त्यातून एक टक्का दंड. मोडायची नसेल तर ठेवीवर कर्ज: ९० टक्क्यांपर्यंत, ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त, जितके वापरले तितक्यावरच व्याज.
माझी ठेव सात टक्क्यांची. म्हणजे आठने कर्ज. गाडीच्या कर्जापेक्षा एक टक्का स्वस्त, ठेव जागेवर, गाडीवर बोजा नाही, आरसी कोरी. काउंटरवरची बाई म्हणाली, ‘मॅडम, मी असते तर हेच केलं असतं.’
दिवसभर मला तेच पटत होते. संध्याकाळी मिरजेला बाकावर बसले असताना पटेनासे झाले. शेजारच्या खेड्यातल्या एका माणसाला कॅथेटरचा संसर्ग होऊन दाखल केले होते. त्याचा भाऊ फोनवर होता, ‘आज किती भरायचेत ते सांगा.’
ठेवीवर गाडी घेतली तर ठेव कागदावर चार लाखांची दिसेल, आणि असे विचारायची वेळ आमच्यावर आली की हातात पन्नास हजारही नसतील. बँकेच्या एक टक्क्याने मी ती रात्र विकत घेते आहे. मला ती स्वस्त वाटते.

१७ सप्टेंबर
ह्यांचे म्हणणे उलट. ‘आपलेच पैसे सातने ठेवायचे आणि दुसऱ्याचे नऊने घ्यायचे, हे कुठलं गणित?’ गणित म्हणून त्यांचेच बरोबर. ठेवीच्या व्याजावर कर भरायचा आणि पगारदाराला गाडीच्या कर्जाच्या व्याजाची वजावट नाही, म्हणजे फरक दोन टक्क्यांहून जास्तच.
त्यांचे झेरॉक्सचे दुकान. मे महिन्यात हजार, जूनमध्ये चाळीस हजार. हप्त्याला मे-जून कळत नाही. म्हणून कर्ज माझ्या पगारावर, गाडीही माझ्या नावावर. यावर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पेट्रोल माझं.’

१८ सप्टेंबर
सासूबाईंना कोणी सांगितले कळत नाही. सकाळी पाटल्या टेबलावर होत्या. चार तोळे. सोने लाखाच्या वर गेले आहे. पाऊण किमतीपर्यंत कर्ज तासाभरात मिळते.
‘मला न्यायला गाडी घेतीस, मग माझंच ठेव की.’
१९७२ च्या दुष्काळात आटपाडीला याच पाटल्या सावकाराकडे गेल्या होत्या. मामंजींनी सुकडीच्या दिवसांत खडी फोडून, मग एका कारखान्यात लागून, १९७५ ला सोडवून आणल्या. सासूबाई हे सांगताना रडत नाहीत. नुसत्या तारखा सांगतात.
‘एकदा गेल्त्या. तीन वर्सांनी आल्या.’
मी त्या परत त्यांच्या हातात घातल्या. उजव्या हातात दोन्ही. डाव्यात आता काही घालायचे नाही.

१९ सप्टेंबर
भिशी. बारा जणी, महिना पाच हजार. ज्या महिन्यात चिठ्ठी निघेल त्या महिन्यात साठ हजार.
पहिल्यांदा नीट लक्षात आले: चिठ्ठी पहिल्या महिन्यात लागली तर ते कर्ज, शेवटच्या महिन्यात लागली तर ती बचत. दोन्हीला व्याज शून्य. जामीन म्हणजे बाकीच्या अकरा जणींना रोज तोंड दाखवायचे असते, हाच.
ऑक्टोबरची चिठ्ठी कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींची होती. मी विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, ‘माझं फेब्रुवारीत घेते, मशीनचं काय एवढं.’
त्यांना शिलाई मशीन घ्यायचे होते. फेब्रुवारी लग्नसराईचा. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत मशीन असते तर त्यांना उपयोग होता. मी हो म्हणाले. हे इथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या
मामंजींचे पान वाढले.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
शोरूममध्ये उभे राहायला जागा नाही. तोच मुलगा, आज आवाज बसलेला.
ऑन-रोड: वरचे मॉडेल ७,५२,०००. मधले ६,७८,०००.
मुलगी पडद्यावर बोट फिरवून आली. मग सासूबाईंनी मधल्या मॉडेलची मूठ उजव्या हाताने धरून पाय बाहेर टाकले, आणि उभ्या राहिल्या. मुलगी परत पडद्याकडे गेली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार
टीव्हीवर सोलापूर आणि धाराशिवकडचे पाणी. सीना. घरांच्या छतांवर माणसे. अंगणातल्या गाड्यांची टपे तेवढी दिसतात. आमच्या गल्लीत आज कोणी मोठ्याने टीव्ही लावलेला नाही.

२४ सप्टेंबर
कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचला. अ‍ॅक्सेसरीज २२,५००: मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, सुगंधी डबी, आणखी सहा वस्तू. मॅट आणि मडफ्लॅप बाजारातून घेऊ, कव्हर जुन्या गाडीचे शिवणकामवाल्या वहिनी बेतून देतील.
विमा. डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. आणि त्यांच्या आकड्यात ‘नो क्लेम बोनस’ धरलेलाच नव्हता. २०१९ नंतर आम्ही एकही क्लेम केलेला नाही. पाच वर्षे सरली की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट. ही सूट माणसाची असते, गाडीची नाही. जुनी गाडी विकल्याचा कागद दाखवून पत्र घेतले की नव्या गाडीला लागते. फरक ६,८०० रुपये.
खाली बारीक अक्षरात ‘इतर’. विचारल्यावर निघाले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
जुन्या गाडीचे काय. तीन वाटा.
अधिकृत भंगार केंद्र: प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत.
एक्स्चेंज: ५५,०००.
गल्लीतला एजंट: ६२,०००, रोख, ‘नाव नंतर ट्रान्सफर करू’.
सात हजार जास्त. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे: आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला मालक तोच. ज्या गाडीचा भरवसा मी सासूबाईंसाठी धरत नाही, ती माझ्या नावावर कोणा अनोळखी मुलाच्या हातात द्यायची नाही. एक्स्चेंज. फॉर्म २९ आणि ३० वर माझ्यासमोर सह्या, नाव बदलल्याची पावती हातात.

२८ सप्टेंबर
दोन पतसंस्थावाले सहकारी जामीन राहायला तयार होते. दर साडेदहा, पण लाभांश मिळतो, आणि व्याज आपल्याच माणसांत राहते. मला ही वाट मनापासून आवडते. संस्थेनेच माझ्या बाळंतपणाला पैसे दिले होते. तरी नाही. त्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचे पुढच्या वर्षी घराचे कर्ज आहे, आणि जामीन राहिलेल्या माणसाची पत तेवढी अडकते. तो स्वतः हे बोलला नसता.

१ ऑक्टोबर
रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेपाचवरच ठेवला. माझा दर ठरलेला, चार वर्षे हलणार नाही. खाली आला तरी नाही, वर गेला तरी नाही. मुदतीआधी फेडले तर किती आकार, ते त्या माहितीच्या कागदावर आहे. मी त्यावर पेन्सिलने खूण केली.

२ ऑक्टोबर, दसरा
मधले मॉडेल ६,७८,०००. वजा जुनी गाडी ५५,०००. वजा अ‍ॅक्सेसरीज आणि विम्याचा फरक २९,३००. वजा भिशी ६०,०००. वजा बचत १,३५,०००. राहिले ३,९८,७००.
कर्ज चार लाख, चार वर्षे. हप्ता ९,९५४. व्याज सुमारे ७७,८००.
ठेव जागेवर. पीपीएफ जागेवर. पाटल्या उजव्या हातात.
बुकिंग केले. धनादेशाने, पावती घेऊन.

७ ऑक्टोबर, मंगळवार
बँकेने विचारले: पगाराची स्लिप, सहा महिन्यांचे स्टेटमेंट, आधीची कर्जे, घर स्वतःचे का भाड्याचे.
दवाखान्याने विचारले: आज वजन किती वाढले.

१३ ऑक्टोबर
मंजुरी. हप्त्याची तारीख निवडायला सांगितली: ५, १० किंवा १५. पगार एक तारखेला. भिशी दहाला. पाच घेतली. शिवणकामवाल्या वहिनींची फेब्रुवारीची चिठ्ठी होईपर्यंत दहा तारखेला माझ्याकडून एक दिवसही उशीर होता कामा नये.

१६ ऑक्टोबर
सासूबाईंना सगळे वाचून दाखवले. चार वर्षे म्हणजे कधीपर्यंत, त्यांनी विचारले. २०२९.
त्या जरा वेळ थांबल्या. ‘तोवर मी कुठली आसतीय. पण घे. कर्ज काढतीस ते लपवून काढलं न्हाईस, तेवढं बास.’
मी काहीच म्हणू शकले नाही. वहीत २०२९ लिहिले होते, त्यावर नुसते बोट ठेवले.

२२ ऑक्टोबर, पाडवा
गाडी आली. आरसीवर बँकेचे नाव चढणार, चार वर्षांनी ते आपल्यालाच उतरवून घ्यायचे: ना हरकत पत्र, फॉर्म ३५. वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवले, मुलीला दाखवले.
जुन्या गाडीच्या मागच्या सीटखाली २०१९ चा वाळलेला गाळ अजून होता. नखाने निघाला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
निघताना मीटरवर ३१ किलोमीटर. परत दारात आलो तेव्हा ५२. पावणेनऊला सुटल्या, सव्वानऊला घरी. सासूबाई मागे झोपल्या होत्या. ह्यांनी इंजिन बंद केले, काचा थोड्या खाली घेतल्या, आणि त्या उठेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.